परदेशात आजारी पडलं तर बिल कोण भरतं? सांगली-मिरजेतून पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या विमा खिडकीवर मी २२ वर्षं काम केलं. केसपेपर, डिपॉझिट, विमा कंपनीची मंजुरी, डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांची चाललेली घालमेल, हे सगळं रोजचंच होतं. निवृत्त झाल्यापासून विश्रामबागेतल्या आमच्या घरी वेगळ्याच लोकांची ये-जा असते. कुणाची मुलगी एमएस्सीला इंग्लंडला निघालेली असते, कुणाचा भाचा जर्मनीला, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "ताई, तिकडं दवाखाना किती महाग पडतो?"

मी त्यांना सांगते, या एका प्रश्नाचे आधी तीन प्रश्न करा. बिल कोण भरतं? ते कधी भरायचं, आजारी पडण्याआधी का नंतर? आणि डॉक्टरांपर्यंत पोचायला पहिलं दार कुठलं? कोणत्याही देशाबद्दल या तिन्हींची उत्तरं मिळाली, की स्वस्त-महाग आपोआप कळतं. त्याच क्रमानं पुढं लिहिते.

पायरी १ : आधी आपल्या गावचा हिशेब मांडा

डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. आज बेळगाव-विजापूरकडची माणसं मिरज जंक्शनला उतरतात आणि रिक्षा करून थेट तज्ज्ञाच्या दारात जातात. गुडघा दुखला की हाडाचे डॉक्टर, छातीत धडधडलं की हृदयाचे. मधे कुणाची चिठ्ठी लागत नाही. सकाळी नंबर लावला की संध्याकाळपर्यंत तपासणी, एक्स-रे, औषधं उरकलेली असतात. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की सगळीकडं असंच असणार असं आपण धरून चालतो. मी खाली सांगणार आहे त्यातल्या बहुतेक देशांत तसं नाही.

दुसरी बाजूही बघा. आपल्याकडं पैसे दारातच मोजावे लागतात. ओपीडीची फी, रक्त-लघवीच्या तपासण्या, महिन्याच्या गोळ्या हे सगळं खिशातून. विमा असला तरी बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच कामाला येतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तेही ठरलेल्या आजारांना आणि योजनेतल्या रुग्णालयांतच. थोडक्यात, आपलं दार सताड उघडं असतं, पण गल्ला दारातच ठेवलेला असतो. परदेशाकडं बघताना हे चित्र शेजारी ठेवा.

पायरी २ : व्हिसा कसला आहे ते बघा

एकाच देशात विद्यार्थी, नोकरदार आणि पाहुणे म्हणून गेलेले आई-वडील या तिघांचे नियम वेगळे असतात. सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. "तिकडं सगळं फुकट असतं" असं पुतण्यानं सांगितलं म्हणून काका विमा न काढताच विमानात बसतात. पुतण्या खरंच बोलत असतो, पण ते त्याच्या स्वतःच्या व्हिसापुरतं खरं असतं. कुणाचाही अनुभव ऐकताना पहिला प्रश्न "तुमचा व्हिसा कुठला होता?" हाच विचारा.

पायरी ३ : ब्रिटनला जाणार असाल तर

तिथली एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. उपचाराच्या वेळी पैसे मागायचे नाहीत, हा तिचा पाया. पण बाहेरून येणाऱ्याला हे पैसे व्हिसाच्या अर्जासोबतच, निघण्याआधी भरावे लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून हा आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड आणि विद्यार्थ्याला ७७६ पौंड आहे. नोकरीचा तीन वर्षांचा व्हिसा असेल तर ३१०५ पौंड एकरकमी जातात, आणि बायको-मुलांचे वेगळे. एक वर्षाच्या एमएस्सीचा व्हिसा साधारण १६ महिन्यांचा निघतो. वरच्या चार महिन्यांसाठी अर्ध्या वर्षाचे पैसे लागतात, म्हणजे ७७६ आणि ३८८ मिळून ११६४ पौंड. शैक्षणिक कर्जाचा अर्ज करताना ही रक्कम धरायला पुष्कळ जण विसरतात आणि ऐनवेळी सोनं गहाण ठेवायची पाळी येते. बँकेत जाण्याआधीच हा आकडा कागदावर मांडा. व्हिसा नाकारला गेला तर अधिभार परत मिळतो. मिरजेतून परिचारिका म्हणून जाणाऱ्या मुलींसाठी आणखी एक गोष्ट: हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा असेल तर हा अधिभार माफ आहे.

तिथलं पहिलं दार म्हणजे जीपी, आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टर. राहत्या पत्त्याच्या जवळच्या जीपीकडं नाव नोंदवायचं. आजारी पडल्यावर नव्हे, पोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच. तज्ज्ञाकडं जायचं तर चिठ्ठी जीपीच देतात. तातडीचं नसेल तर मग प्रतीक्षा. चिठ्ठीपासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं त्यांचं उद्दिष्ट आहे, पण कित्येक वर्षांत ते पूर्ण झालेलं नाही. गुडघा बदलायचा असेल तर ही प्रतीक्षा फार मोठी वाटते. हार्टअटॅक आला तर मात्र कुणी रांगेत उभं करत नाही आणि डिपॉझिटही मागत नाही. हा फरक समजून घेतलात तर तिथल्या व्यवस्थेचा राग येणार नाही.

औषधांचं वेगळं आहे. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागं ९.९० पौंड पडतात. गोळी दोन रुपयांची असो की दोन हजारांची, शुल्क तेवढंच. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हे शुल्क नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, थायरॉइड कमी पडतं म्हणून गोळी चालू असेल, तर जीपीकडून सवलतीचं प्रमाणपत्र घ्या, मग इंग्लंडातही औषधं मोफत मिळतात. नुसत्या बीपीला ही सवलत नाही. दर महिन्याला बरीच औषधं लागत असतील तर आगाऊ भरण्याचं वर्षाचं प्रमाणपत्र स्वस्त पडतं.

पायरी ४ : जर्मनीला जाणार असाल तर

जर्मनीत आजारपणाचा विमा १८८३ पासून कायद्यानं आहे आणि तो सगळ्यांना सक्तीचा आहे. नोकरदाराच्या पगारातून १४.६ टक्के, शिवाय ज्या त्या विमासंस्थेचा थोडा जादा टक्का कापला जातो. यातला निम्मा मालक भरतो. बायको किंवा नवरा कमावत नसेल तर ते आणि मुलं त्याच वर्गणीत येतात. मोठं कुटुंब घेऊन जाणाऱ्याला ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि नोकरीच्या दोन ऑफर तोलताना लोक ती हिशेबातच घेत नाहीत.

विद्यार्थ्यांनी एका गोष्टीकडं नीट लक्ष द्यावं. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला कायदेशीर सार्वजनिक विम्यात सवलतीची वर्गणी असते. कुणी एजंट त्याहून स्वस्त खासगी पॉलिसी दाखवतो. ती घेऊन सार्वजनिक विम्यातून सूट मागितली, की शिक्षण संपेपर्यंत परत त्यात येता येत नाही. महिन्याला काही युरो वाचवायला जाऊन पुढं दाताची किंवा मनाच्या आजाराची ट्रीटमेंट अंगावर पडलेली मुलं मला माहीत आहेत. मी सार्वजनिकच घ्यायला सांगते. विमानातून उतरल्यापासून कॉलेजची नोंदणी होईपर्यंतच्या दिवसांसाठी मात्र प्रवास विमा लागतोच.

दवाखान्यात खिशातून जातं ते थोडं: औषधाला किमतीच्या १० टक्के, पण किमान ५ आणि कमाल १० युरो. अ‍ॅडमिट झालं तर दिवसाला १० युरो, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. आपल्याकडं आयसीयूच्या एका रात्रीचं बिल डोळ्यांपुढं आणा आणि हा आकडा परत वाचा. तज्ज्ञाची वेळ मिळायला उशीर लागतो, खासगी विमावाल्यांना लवकर मिळते, हेही खरं. आणि डॉक्टर इंग्रजी बोलतीलच असं नाही. पोटदुखी, चक्कर, ताप, अ‍ॅलर्जी एवढे शब्द तरी जर्मनमध्ये पाठ करून जा.

पायरी ५ : अमेरिका

इथं मला जरा जास्त वेळ घ्यावा लागेल, कारण सगळ्यात जास्त चटके लोकांना इथंच बसतात.

नोकरदाराचा विमा कंपनीमार्फत असतो, विद्यार्थ्याचा विद्यापीठामार्फत. पॉलिसीत चार शब्द शोधा. डिडक्टिबल म्हणजे वर्षात सुरुवातीची जी रक्कम तुम्ही स्वतः भरायची. कोपे म्हणजे प्रत्येक भेटीला द्यायची ठरलेली रक्कम. कोइन्शुरन्स म्हणजे डिडक्टिबल संपल्यावर बिलातला तुमचा टक्का. आणि आउट ऑफ पॉकेट मॅक्झिमम म्हणजे वर्षात तुमच्या खिशातून जाऊ शकणारी कमाल रक्कम.

उदाहरण घेऊ. समजा डिडक्टिबल २००० डॉलर, कोइन्शुरन्स २० टक्के, कमाल खर्च ६००० डॉलर. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि विमा कंपनीशी ठरलेल्या दरानं बिल ३०,००० आलं. पहिले २००० तुमचे. उरलेल्या २८,००० चे २० टक्के म्हणजे ५६००. मिळून ७६०० होतात, पण तुमची कमाल मर्यादा ६००० आहे, म्हणून तुम्ही ६००० भरायचे. त्या वर्षात पुन्हा अ‍ॅडमिट झालात, तर नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीच्या यादीतल्या, रुग्णालयात पॉलिसीत बसणाऱ्या उपचारांना आणखी काही भरावं लागत नाही.

आता आपल्या पॉलिसीशी ताडून बघा. आपल्याकडं "५ लाखांची पॉलिसी" म्हणजे विमा कंपनी जास्तीत जास्त ५ लाख देणार, वरचं सगळं तुमचं. अमेरिकेतल्या चांगल्या पॉलिसीत मर्यादा तुमच्या खर्चाला असते, वरचं सगळं कंपनीचं. २०१० च्या आरोग्य कायद्याखाली येणाऱ्या पॉलिसींना ही कमाल रक्कम सरकार ठरवून देतं. २०२५ साठी ती एका माणसाला ९२०० डॉलर होती. खिडकीवर मी जितक्या लोकांना हे समजावलं, त्यांचे डोळे याच वाक्याला मोठे झाले. नुसता हप्ता बघून पॉलिसी निवडू नका. सगळ्यात वाईट वर्षी खिशातून किती जाईल, तो आकडा बघा.

नेटवर्क हा दुसरा कळीचा शब्द. मिरजेत कॅशलेसच्या यादीत रुग्णालय आहे का ते जसं आधी बघतो, तसंच. फक्त तिथं यादीबाहेर जाण्याची किंमत फार मोठी असते. २०२२ पासून एक कायदा लागू आहे: खऱ्या इमर्जन्सीत यादीबाहेरच्या रुग्णालयात जावं लागलं, तरी विमा असलेल्याकडून नेटवर्कपेक्षा जास्त घेता येत नाही. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र या कायद्यात नाही आणि तिचं बिल जबर येऊ शकतं.

ताप, खोकला, पाय मुरगळणं, छोटी जखम यासाठी इमर्जन्सी रूमला जाऊ नका. अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात, ते कितीतरी स्वस्त पडतात. पण छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय, श्वास लागतोय, तर पैशाचा विचार न करता ९११ ला फोन करा. १९८६ च्या कायद्यानं तिथल्या इमर्जन्सी विभागाला पैसे आहेत का हे न बघता तपासून रुग्णाला स्थिर करावंच लागतं. बिल मागाहून पोस्टानं येतं.

ते आलं की घाबरून लगेच भरू नका. एकेक बाब लिहिलेलं सविस्तर बिल मागा. विमा कंपनीच्या हिशेबपत्राशी ते जुळवा. विमा नसेल तर आर्थिक सवलतीचा अर्ज मागा. ना-नफा रुग्णालयांना असं धोरण ठेवावंच लागतं. हप्तेही बांधून मिळतात. माझ्या अनुभवात बिलाबद्दल प्रश्न विचारायला लाजणारा माणूस मिरजेतही जास्त पैसे भरतो आणि परदेशातही.

आखात, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांचं थोडक्यात. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२५ पासून सर्व अमिरातींत कामगाराचा आरोग्य विमा मालकानं काढायचा आहे आणि त्याचा हप्ता पगारातून कापायचा नाही. कार्ड मिळालं का, त्यावर कोणते दवाखाने चालतात, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. कॅनडात प्रांत बदलला की नियम बदलतो. काही प्रांतांत नव्या रहिवाशाला तीन महिन्यांपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यापुरता खासगी विमा घ्या. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याला ओएसएचसी नावाचा विमा पूर्ण मुक्कामाचा काढावा लागतो, त्याशिवाय व्हिसा नाही.

पायरी ६ : आई-वडील पाहुणे म्हणून जाणार असतील तर

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडं आले होते. मुलाकडं अमेरिकेला गेले, छातीत दुखलं, दोन रात्री अ‍ॅडमिट. पॉलिसी होती, पण ती ठरावीक रकमेची: खोलीचे दिवसाला इतके, तपासणीचे इतके. बिल त्याच्या कितीतरी पट. उरलेलं मुलगा हप्त्यानं फेडत बसला. पॉलिसी घेताना त्यांनी फक्त हप्ता विचारला होता, आणि ते इतकं स्वाभाविक आहे की मला त्यांना बोल लावावासा वाटला नाही.

म्हणून पाहुण्यांचा विमा घेताना दोन प्रश्न विचारा. पॉलिसी ठरावीक रकमेची आहे का सर्वसमावेशक? सर्वसमावेशकच घ्या, हप्ता जास्त असला तरी. आणि आधीपासून असलेल्या बीपी-शुगर-हृदयविकाराचं काय? बहुतेक पॉलिसी त्याचा नेहमीचा उपचार देत नाहीत. काहींमध्ये जुना आजार अचानक उसळला तर मर्यादित रक्कम मिळते, त्यालाही वयाची अट असते. ती ओळ स्वतः वाचा. अर्जात आजार लपवू नका. क्लेमच्या वेळी जुने कागद मागवतातच, आणि मग सगळंच नाकारलं जातं. हे मी माझ्या खिडकीवर इतक्यांदा पाहिलंय की हात जोडून सांगते.

इंग्लंडमध्ये पाहुण्याला जीपीकडं दाखवता येतं, इमर्जन्सी विभागातही तपासतात. पण अ‍ॅडमिट केलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल होतं. ते थकलं तर पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा आहे. कॅनडाच्या सुपर व्हिसाला, म्हणजे आई-वडिलांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसाला, किमान १ लाख कॅनेडियन डॉलर आणि एक वर्षाची मुदत लागते.

पायरी ७ : निघण्याआधीचे दोन महिने

दात आणि डोळे इथंच उरकून घ्या. रूट कॅनल, अक्कलदाढ, कॅप, चष्म्याचा नंबर, सगळं. दातांचा खर्च बहुतेक देशांत मुख्य विम्याबाहेर किंवा अर्धवट असतो, आणि इंग्लंडात एनएचएसचा दंतवैद्य मिळणंच अवघड. दोन जादा चष्मे करून न्या.

डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी टाइप करून घ्या, आणि त्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव हवं. आपली क्रोसिन इंग्लंडात पॅरासिटामॉल म्हणून मिळते आणि अमेरिकेत अ‍ॅसिटअमिनोफेन म्हणून; औषध तेच. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या गोळ्या या देशांत सहसा मिळत नाहीत, मेडिकलवाल्या दादांची ओळख तिथं कामाला येत नाही. आखातात जाताना ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं परवानगीशिवाय अजिबात नेऊ नका, तिथं ती नियंत्रित आहेत आणि अटक होऊ शकते. लसीकरणाचा कागद, जुने डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, रक्तगट, अ‍ॅलर्जी यांचे फोटो मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स पिशवीत ठेवा. विमानात औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सुटकेसमध्ये टाकू नका.

पायरी ८ : मागं राहणाऱ्यांचा विमा

हे कुणीच विचारत नाही, म्हणून मीच विषय काढते. मुलगा पुण्यात नोकरीला असतो, आई-वडील त्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असतात. तो राजीनामा देऊन परदेशी जातो आणि त्या दिवशी आई-वडिलांचं संरक्षण संपतं. सहा महिन्यांनी वडील मिरजेत अ‍ॅडमिट होतात आणि खिडकीवर कार्ड दिल्यावर कळतं की पॉलिसी बंद आहे. त्या वेळचे चेहरे मला अजून आठवतात.

राजीनाम्याआधीच एचआरला विचारा, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत आई-वडिलांना नेता येईल का. नवी पॉलिसी काढली तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून हे जितकं लवकर तितकं बरं. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. आधार लागतं. निघण्याआधी मुलानं स्वतः बसून काढून द्यावं, नंतर ते राहून जातं. तुमची स्वतःची इथली पॉलिसीही सुट्टीवर येणार असाल तर चालू ठेवा. बंद केलीत तर परत आल्यावर प्रतीक्षा काळ पहिल्यापासून मोजला जातो.

पायरी ९ : पोचल्यावरचा पहिला आठवडा

डॉक्टरकडं नाव नोंदवा. विम्याचं कार्ड हातात आलं का बघा. घराजवळचं रुग्णालय आणि रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान नकाशात शोधून ठेवा. आणि हे नंबर मोबाइलमध्ये घाला: ब्रिटनमध्ये इमर्जन्सीला ९९९, सल्ल्याला १११. जर्मनीत ११२, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७. अमेरिकेत ९११. अमिरातीत अँब्युलन्सला ९९८. ऑस्ट्रेलियात तीन शून्य. घरी आई-बाबांच्या फोनमध्ये १०८ आहे का, तेही जाता जाता तपासा, आणि शेजारच्या एका घरात त्यांच्या पॉलिसीची झेरॉक्स देऊन ठेवा.